घाणेरी : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता चौथी ते सातवीच्या वर्गांसाठी)

गावाबाहेर पडताच वाटेच्या दोन्ही बाजूंस, ओढ्याच्या काठी, पडीत शेताच्या बांधावर आणि गायरानात रंगीबेरंगी फुलांचे एक काटेरी झुडूप दृष्टीस पडते. महाराष्ट्रात त्यास कोठे घाणेरी, तर कोठे टणटणी म्हणतात. पुष्कळ शाळांच्या कुंपणातही तेच असते. विद्यार्थ्यांच्या समजुतीने ते येथलेच, पूर्वापार चालत आलेले असते. वस्तुतः ते या देशात येऊन दोनशे वर्षांहून थोडासाच अधिक काळ लोटला आहे. भारतीय वन्यजीव संस्थेतील निनाद मुंगी, कमर कुरेशी व यादवेंद्रदेव झाला या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या एका झुडपाने देशातील सुमारे १ लक्ष ५४ हजार चौरस किलोमीटर वनक्षेत्र व्यापिले आहे. महाराष्ट्र राज्याचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३ लक्ष ७ हजार चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानी घेतल्यास या आकड्याचा अर्थ उमगेल. शिक्षकांनी फळ्यावर दोन्ही आकडे मांडून तुलना विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी.

जे नित्य डोळ्यांसमोर असते तेच पाहिले जात नाही, असा अनुभव आहे. घाणेरीविषयी गावोगाव एकच उपाय ठाऊक असतो, तो म्हणजे कोयत्याने तोडणे. या उपायाने ती कमी होत नाही, उलट अधिक दाट होते. असे का होते, हे विद्यार्थ्यांस स्वतःच्या निरीक्षणातून कळावे, हा या पाठाचा गाभा होय.

पाठाची उद्दिष्टे

१. घाणेरीची मूळ, खोड, पान, फूल व फळ या क्रमाने ओळख करून देणे.
२. परदेशातून आलेली वनस्पती नव्या भूमीत कशी व का पसरते, हे कार्यकारणभावाने समजाविणे.
३. गुरे, कुरण व वन यांवर होणारे तिचे परिणाम दाखवून देणे.
४. ती काढण्याची योग्य रीत व त्यानंतर घ्यावयाची दक्षता सांगणे.

पूर्वतयारी

पाठाच्या आदल्या दिवशी शिक्षकाने स्वतः घाणेरीची एक फांदी फुलाफळांसह, तिच्या शेजारी तुळशीची एक काडी आणि शक्य झाल्यास मुळासकट उपटलेले एक लहान रोप आणून ठेवावे. फांदीवर आखूड, वाकडे काटे असतात, म्हणून ती कागदात गुंडाळून धरावी. विद्यार्थ्यांस फांद्या तोडून आणण्यास सांगू नये. दाट झुडपाखाली सर्प असण्याचा संभव असतो.

पाठाचा आरंभ

पुढील प्रश्नांनी विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान जागृत करावे.

प्रश्न : गुरे चरावयास सोडली असता कोणकोणते पाले खातात? कोणते टाळतात?
प्रश्न : घाणेरीचा पाला गुरे खातात काय?
प्रश्न : गुरे गवत खातात व घाणेरी सोडून देतात, असे दहा वर्षे चालले तर गायरानात काय उरेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळण्याची घाई करू नये. ते फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावे व पाठाच्या अखेरीस पुन्हा विचारावे.

विषयनिरूपण

*(अ) वनस्पतीची ओळख.* घाणेरी हे बहुवर्षायू झुडूप आहे. एकाच पावसाळ्यात उगवून मरणाऱ्या तणांहून ती या बाबतीत निराळी आहे. आधार मिळाल्यास ती वृक्षावरही चढते. तिचे कोवळे खोड चौकोनी असते. तुळशीची काडी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांस दोन्ही खोडांचे कोपरे बोटाने चाचपू द्यावे. घाणेरीच्या फांदीचे काटे मात्र शिक्षकाने आधी खरडून टाकावेत. पाने समोरासमोर, कडेने दातेरी व स्पर्शास खरखरीत असतात. पान चुरगळले असता उग्र वास येतो, त्यावरूनच तिला घाणेरी हे नाव पडले.

फुलांचा गुच्छ हा या पाठातील सर्वांत मनोरम भाग होय. पुष्कळ झुडपांवर गुच्छाच्या मध्यभागी पिवळी व कडेला नारिंगी, गुलाबी किंवा तांबडी फुले दिसतात. विद्यार्थी ती निरनिराळ्या जातींची समजतात. खरे पाहता फूल उमलते तेव्हा पिवळे असते व पुढे त्याचा रंग पालटतो. पिवळ्या फुलात मधुरस असतो, रंग पालटलेल्या फुलात तो बहुधा उरत नाही. फुलपाखरे हे ओळखतात व पिवळ्या फुलांवरच अधिक बसतात. एक गुच्छ निवडून त्यास दोरा बांधावा आणि तीन दिवस त्याचे रंग वहीत नोंदवावे. तसेच अर्धा तास शांत बसून फुलपाखरू कोणत्या रंगावर किती वेळा बसते, त्याच्या रेघा ओढून मोजणी करावी. हा प्रयोग कोणत्याही साहित्यावाचून खेड्यातील प्रत्येक शाळेस करता येईल.

फळे प्रथम हिरवी, पिकल्यावर काळसर जांभळी होतात. कित्येक मुले पिकलेली फळे तोंडात टाकतात. हिरव्या फळांनी मुलांस विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. लहान मुलांस कच्च्या-पिकल्याचा भेद नेमका राखता येत नाही, म्हणून कोणतेच फळ खाऊ नये, असा नियम शिक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगावा.

*(आ) ती आली कोठून?* घाणेरीचे मूळ स्थान अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश व वेस्ट इंडीज बेटे होत. नकाशावर हा प्रदेश दाखवावा. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली. तेथील बागांत नाना रंगांच्या फुलांसाठी तिचे संकर करण्यात आले. १७५३ साली लिनियस या शास्त्रज्ञाने तिला लॅन्टाना कॅमारा हे शास्त्रीय नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेसाठी व कुंपणासाठी आणली गेली. तेथून ती बंगल्यांच्या आवारांत, आवारांतून रस्त्यांच्या कडेस व पुढे रानात पोहोचली. म्हणजे आज रानात दिसणारी घाणेरी ही मनुष्याने बागेत वाढविलेल्या संकरांची संतती आहे. ती शत्रूसारखी चालून आली नाही. तिला आणले गेले, जपले गेले आणि नंतर तिच्याकडे दुर्लक्ष झाले. हा क्रम विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे आवश्यक आहे, कारण पुढील चूक टाळण्याचा मार्ग त्यातच आहे.

*(इ) ती पसरते कशी?* येथे चार कारणे क्रमाने मांडावी.

पहिले कारण पक्षी. बुलबुल, साळुंकी इत्यादी पक्षी पिकलेली फळे खातात व बी दूरवर टाकतात. म्हणून घाणेरीची रोपे वृक्षाखाली, तारांखाली व कुंपणाच्या ओळीत अधिक आढळतात. पक्षी जेथे बसतो तेथे बी पडते, हे विद्यार्थी प्रत्यक्ष जाऊन पडताळू शकतात.

दुसरे कारण खोड व मूळ. ओल्या जमिनीस टेकलेल्या फांदीस मुळे फुटतात. खोड वरून छाटले की बुंध्यापासून अनेक धुमारे निघतात. एका खोडाच्या जागी पाच-सहा खोडे होतात. वणव्यातही वरचा भाग जळतो, पण खालचा बुंधा पुन्हा पालवतो.

तिसरे कारण गुरे. भुकेने व्याकूळ झाल्यावाचून गुरे तिला तोंड लावीत नाहीत. भोवतालचे गवत मात्र ती मुळापर्यंत खातात. परिणामी स्पर्धक नाहीसा होतो व घाणेरीस जागा मोकळी मिळते. तिच्या पाल्यातील काही द्रव्ये भोवतालच्या अन्य रोपांच्या उगवणीस व वाढीसही बाधक ठरतात.

चौथे कारण प्रकाश. दाट सावलीत घाणेरीची वाढ खुंटते. जेथे वृक्ष तोडले गेले, वणवा लागला किंवा अतिचराई झाली, तेथे जमिनीवर ऊन पडते व ती फोफावते. चारही कारणांत हे मुख्य मानावे. वर उल्लेखिलेल्या २०२० च्या अभ्यासातही वनांच्या ऱ्हासाचा तिच्या प्रसाराशी निकट संबंध दाखविला आहे.

प्रसाराचा वेग समजण्यासाठी कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरांचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथील वनात ठरावीक जागांची पाहणी केली असता १९९७ साली ४१ टक्के जागांत घाणेरी आढळली होती, २००८ साली ती ८१ टक्के जागांत आढळली. अकरा वर्षांत ती जवळजवळ दुप्पट जागी पोहोचली. सातवीच्या वर्गास यावरून शेकडेवारीची उदाहरणे घालता येतील.

*(ई) तिच्यापासून होणारी हानी.* हा भाग शेतकऱ्यांच्या मुलांना जिव्हाळ्याचा आहे, म्हणून तो सावकाश शिकवावा.

घाणेरीच्या पाल्यात यकृतास घातक असे विष असते. गाय, म्हैस व मेंढी यांना त्याची बाधा होते. सर्व प्रकारच्या घाणेरीत विषाचे प्रमाण सारखे नसते, तथापि डोळ्यांनी भेद करता येत नसल्याने सर्वच प्रकार विषारी समजावेत. स्थानिक गुरे बहुधा तिला टाळतात. धोका असतो तो दुष्काळात उपाशी राहिलेल्या जनावरास, बाजारातून नव्याने आणलेल्या जनावरास आणि परमुलखातून आलेल्या कळपास.

बाधा झालेले जनावर चारा सोडते. त्यास मलावरोध होतो. डोळ्यांत व हिरड्यांवर कावीळ दिसू लागते. ऊन सोसेनासे होऊन ते सावली धुंडते. नाकपुडी, कान, सड अशा फिकट वा विरळ केसांच्या कातडीवर उन्हाने चट्टे व जखमा होतात. पुष्कळदा ही कातडीची जखम पाहून घरचे लोक तेल-हळद लावीत बसतात व आतील यकृताचा विकार लक्षात येत नाही. उपचारास विलंब झाल्यास जनावर दगावते. अशी लक्षणे दिसताच जनावर सावलीत बांधावे, त्याच्यापुढे पाणी ठेवावे आणि पशुवैद्यकास तत्काळ बोलावून "घाणेरी खाल्ल्याचा संशय आहे" असे सांगावे. ज्या कुटुंबाची उपजीविका एका दुभत्या म्हशीवर चालते, त्या कुटुंबातील मुलाने शाळेतून एवढे एक वाक्य घरी नेले तरी पाठ सार्थकी लागला, असे समजण्यास हरकत नाही.

दुसरी हानी कुरणाची. घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही. गायरान कागदोपत्री तेवढेच राहते, प्रत्यक्षात चराईची जागा वर्षागणिक आक्रसते. उरलेल्या जागेवर गुरांचा भार वाढतो, तेथील गवतही विरळ होते व तेथे घाणेरी शिरते. अशा रीतीने एका हानीतून दुसरी उद्भवते. तिसरी हानी वनाची. जाळीत वृक्षांची रोपे वर येऊ शकत नाहीत आणि उन्हाळ्यात वाळलेल्या काड्यांमुळे जमिनीवरील वणवा उंच चढतो.

*(उ) आजवरचे उपाय.* येथे फड्या निवडुंगाशी तुलना करावी. तोही अमेरिकेतूनच आलेला व एकेकाळी दक्षिण भारतात सर्वत्र माजलेला होता. १९२६ साली श्रीलंकेतून त्यावर उपजीविका करणारा एक लहान कीटक आणण्यात आला. त्याने थोड्याच वर्षांत निवडुंगाची मोठमोठी रानेच्या राने नष्ट केली.

घाणेरीवरही असाच प्रयत्न झाला. १९२१ साली तिच्या फळावर जगणारी एक माशी भारतात आणण्यात आली. ती येथे रुळली, परंतु तिच्या अळ्या मुख्यतः फळाचा गर खातात, बी बहुतांशी वाचते. १९४१ साली ऑस्ट्रेलियाहून पानांचा रस शोषणारा एक ढेकूणवर्गीय कीटक डेहराडून येथे चाचणीसाठी आणला गेला. पिंजऱ्यातील परीक्षेत तो सागाची फुलेही खातो असे आढळल्यावर त्याची पैदास नष्ट करण्यात आली. पण काही कीटक निसटले, व १९५१ साली तो बाहेर आढळला. पुढे तो दूरवर पसरला. सागवनांस त्याचा जाणवण्याजोगा उपद्रव झाला नाही, परंतु घाणेरीही आटोक्यात आली नाही. तो पाने शोषतो, झुडूप निष्पर्ण होते, आणि पाऊस पडताच बुंधा पुन्हा फुटतो.

निवडुंगाच्या बाबतीत जे साधले ते येथे का साधले नाही, हा प्रश्न सातवीच्या विद्यार्थ्यांस अवश्य विचारावा. घाणेरी अनेक संकरांची मिळून बनलेली असल्याने सर्व प्रकारांस एकच कीटक पुरा पडत नाही, आणि तिचे बळ बुंध्यात व मुळात साठविलेले असते, ही दोन कारणे त्यांच्यापुढे ठेवावीत.

*(ऊ) मुळाशी छेद.* दिल्ली विद्यापीठातील सुरेश बाबू, अमित लव्ह व सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पात एक रीत वापरून पाहिली व २००९ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. ती अशी : खोड वरून न छाटता जमिनीच्या पृष्ठभागाखाली साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर, खोड व मूळ यांच्या सांध्याखाली, मुख्य मूळ कुदळीने तोडावयाचे. धुमारे फुटण्याची शक्ती या सांध्याच्या भागात असते. मग संपूर्ण झुडूप उचलून उलटे, म्हणजे मुळे आकाशाकडे करून ठेवावयाचे, म्हणजे फांद्या पुन्हा मातीत रुजत नाहीत. हे काम फळे पिकण्यापूर्वी करावे, अन्यथा ओढताना बी सर्वत्र पडते.

एवढ्याने काम संपत नाही. पुढील दोन वर्षे पावसाळ्यात, विशेषतः पक्षी बसतात त्या वृक्षांखाली, उगवलेली लहान रोपे हाताने उपटावी लागतात. आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्थानिक गवत व झाडे लावून ती जागा काही काळ चराईपासून राखावी लागते. जागा उघडी सोडली तर तेथे घाणेरीच पुन्हा येते. तोडणे हा एका दिवसाचा उद्योग आहे, राखणे हा दोन वर्षांचा. गावोगावच्या मोहिमा फसतात त्या या दुसऱ्या भागात.

तिचा उपयोग

विषयाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. गरीब कुटुंबांस घाणेरीचे सरपण मिळते, कुंपणास ती फुकट मिळते, फुलपाखरांस तिच्यात मधुरस व लहान पक्ष्यांस आडोसा मिळतो. कर्नाटकातील मलै महादेश्वर डोंगरांतील सोलिगा लोक तिच्या काड्या उकळून, साल काढून त्यांपासून वेताप्रमाणे खुर्च्या व टोपल्या करतात. निलगिरी परिसरातील आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काड्यांपासून पूर्ण आकाराचे हत्ती बनविले. ते २०२१ साली लंडनच्या उद्यानांत मांडले होते. मात्र काड्या वरून कापल्या जातात तोवर झुडूप जिवंत राहते. उपयोग करावयाचा तो मुळासकट काढून करावा. तसेच सर्व जाळी एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढावी व जेथून काढली तेथे दुसरे काही लावावे, म्हणजे सरपण व आडोसा दोन्ही एकाएकी तुटत नाहीत.

फलकलेखन

घाणेरी — अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील — बहुवर्षायू — खोड चौकोनी, काटेरी.
प्रसार — पक्षी, धुमारे, अतिचराई, ऊन.
हानी — गुरांस कावीळ, गवताचा नाश, वणव्यास इंधन.
उपाय — मुळाशी छेद, झुडूप उलटे ठेवणे, दोन वर्षे राखण, गवताची लागवड.

उपयोजन

१. शाळेजवळील एका घाणेरीच्या झुडपाभोवती जूनमध्ये चार खुंट्या रोवाव्या. जानेवारीत पुन्हा मोजून वाढ नोंदवावी.
२. दोन लहान झुडपे निवडावी. शिक्षकाने किंवा गावातील एखाद्या प्रौढ व्यक्तीने एक वरून छाटावे, दुसरे वरील रीतीने मुळाशी तोडावे. दोन महिन्यांनी प्रत्येकाचे धुमारे विद्यार्थ्यांनी मोजावे. कोयता व कुदळ मुलांच्या हाती देऊ नये. काम झाल्यावर हात धुण्याची दक्षता घ्यावी.
३. गावातील वृद्ध मंडळींस विचारून गायरानात पूर्वी कोणकोणती गवते होती, त्यांची नावे लिहून आणावी. पवना, शेडा, मारवेल, कुसळी यांपैकी आज कोणती आढळतात, ते पाहावे.
४. आरंभीचा प्रश्न पुन्हा विचारावा : गुरे गवत खातात व घाणेरी सोडून देतात, असे दहा वर्षे चालले तर गायरानात काय उरेल?

शिक्षकांस सूचना

गायरानातील काम ग्रामपंचायतीच्या संमतीने व राखीव वनातील काम वनखात्याच्या अनुमतीनेच करता येते. विद्यार्थ्यांस घेऊन परस्पर तोडमोहीम काढणे इष्ट नव्हे. शाळेच्या हद्दीत मात्र आरंभ करण्यास अडचण नाही. ज्या शाळेचे कुंपण घाणेरीचे आहे, त्या शाळेने प्रतिवर्षी त्याचा एक भाग मोठ्या माणसांकडून मुळासकट काढवून तेथे मेंदी, अडुळसा किंवा निर्गुडी लावावी. निर्गुडीस काटे नसतात, तरी गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. कुंपण पूर्ण बदलण्यास तीन-चार वर्षे लागतील. चौथीत बसलेला विद्यार्थी सातवीतून बाहेर पडेपर्यंत त्यास कामाचा आरंभ व शेवट दोन्ही पाहावयास मिळतील.

निरीक्षणांची नोंदवही शाळेत जपून ठेवावी. शिक्षकाची बदली झाल्यास ती नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी, म्हणजे राखणीची दोन वर्षे मध्येच खंडित होणार नाहीत.